आबांची नर-कार्डं

आमच्या घरात दोन माणसांना एकमेकांशी बोलायची बंदी होती आणि तीच दोघं दिवसभर एकमेकांशी बोलत असत. एक माझी आई, दुसरे तिचे थोरले दीर, म्हणजे माझे चुलते, आबा. धाकट्या सुनेनं थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचं नाही असा आमच्याकडचा रिवाज. पण पाटाचं पाणी, खताची गाडी, म्हशीची वेळ ही कामं रिवाजाला ऐकत नाहीत. म्हणून मी होते. आबा सोप्यात घोंगड्यावर बसलेले, आई मधल्या दाराआड उभी, दोघांमध्ये हातभर अंतर. आई म्हणायची, "मंगल, तुझ्या आबास्नी इचार, पानी कवा हाय." आबा म्हणायचे, "मंगल, तुझ्या आईला सांग, उंद्या रातीला." दोघांनाही सगळं नीट ऐकू जायचं, पण मी मध्ये उभी राहून मान हलवल्याशिवाय ते ऐकलं असं कोणी धरत नसे. एकदा मला गोवर झाला तर पाणी आमच्या पाळीला येऊन शेजाऱ्याच्या रानात गेलं. मी त्या घरातली टपालपेटी होते. पुढं आयुष्यभर मी कचेऱ्यांमधून निरोप, कामं आणि याद्या सांभाळल्या, त्याचं शिक्षण मला सोप्यातच मिळालं.

आमचं गाव कुंडलच्या पलीकडं, नदीच्या अंगाला. रान उसाचं. माझे वडील, आण्णा, फौजेत होते. वर्षातून एकदा काळी ट्रंक घेऊन येत, आठवडाभर पाहुण्यासारखे राहत, मग दोन-तीन आठवडे घरच्यासारखे, आणि परत पाहुण्यासारखे होऊन जात. त्यांची रजा संपायला आली की आई भाजणीच्या चकल्या करायची. त्यामुळं चकलीचा वास आला की मला आजही कोणीतरी निघालंय असंच वाटतं. आबा घरचे कर्ते. तरुणपणी पैलवान होते. आखाडा सुटून वर्षं झाली होती, तरी चालताना दोन्ही हात अंगापासून लांब ठेवायची सवय गेली नव्हती. जणू दारातून दुसरा पैलवान कधीही येईल. काकीला चार मुलगे. आईला आम्ही तिघी मुली. ताई, म्हणजे सिंधू, मी आणि धाकटी. धाकटीचं नाव आबांनी नकुशी ठेवलं. तिसरी मुलगी झाली की तिला 'नको' म्हणायचं, म्हणजे देव समजून घेतो आणि पुढच्या खेपेला मुलगा देतो, अशी आमच्या भागातली पद्धत. देवानं आमचा निरोप अर्धाच समजून घेतला. त्यानं पुढं काहीच दिलं नाही. आई तिला कधी त्या नावानं हाक मारत नसे. ती तिला 'बाय' म्हणायची.

जेवणाचा क्रम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आधी आबा आणि चौघं मुलगे. त्यांच्या आमटीवर तूप, भाकरी तव्यावरून थेट ताटात, वर दुधाची साय. मग आम्ही मुली. खाली राहिलेली आमटी, खर्डा आणि शेंगदाण्याची चटणी. मग काकी, आणि सगळ्यांच्या शेवटी आई, बहुतेक वेळा भाकरीच्या कडा आणि ताकाबरोबर. मुलग्यांना तूप का, असं मी एकदा विचारलं. काकी म्हणाली, "त्येंना तालमीला जायाचं असतंय." आई आणि ताई तेव्हा भांगलणीहून आल्या होत्या आणि खुरपी अजून दारातच पडलेली होती. चौघं भाऊ तालमीला जात हे खरं. तिथं लाल माती फार चांगली होती आणि ती अंगाला लागू नये म्हणून ते काठावर बसत.

आबांनी आण्णांचं दुसरं लग्न ठरवायला घेतलं ते ह्याच सुमारास. वाईट मनानं नव्हे. रानाची वाटणी झाली तर भावाच्या हिश्शाला वारस नको का, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्यांनी फौजेत कार्ड टाकलं. आण्णांचं उत्तर आलं ते मीच वाचून दाखवलं, कारण घरात स्वच्छ वाचणारी मीच होते. सोप्यात मोठ्यानं वाचलं आणि चुलीपाशी जाऊन पुन्हा एकदा हळू वाचलं. सगळ्यांची खुशाली, थंडी फार आहे, आणि शेवटी, "आबा म्हणतील तसं." आई भाकरी थापत होती. म्हणाली, "पुना वाच." मी पुन्हा वाचलं. तेवढंच होतं. गावात अशा बाया होत्या. त्यांना कोणी घराबाहेर काढत नसे. त्या घरातच राहत, पण गोठ्याकडच्या खोलीत, आणि नव्या बाईच्या मुलांना आंघोळी घालत म्हाताऱ्या होत. काकीनं तर गोठ्याकडची खोली सारवून घेतली. "उंदीर झालेत," म्हणाली.

मुलगी बघितली होती आटपाडीकडची, दुष्काळी भागातली. तिचा बाप वळवाच्या आधी येऊन आमचं रान बघणार आणि मग सुपारी फुटणार, असं ठरलं.

आता माझी नोकरी. मी अकरावीची परीक्षा पास झाले आणि कारखान्याच्या कीटक प्रयोगशाळेत लागले. प्रयोगशाळा म्हणजे साखरेच्या गोदामामागं पत्र्याचं छत घातलेल्या दोन खोल्या, बाहेर भिंतीवर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण. गावात तिला 'चिलटांचं हापीस' म्हणत आणि मला चिलटवाली. काम असं. लाकडी पेट्यांत भरडलेली ज्वारी घालायची, त्यात एका जातीचे पतंग वाढवायचे, त्यांची अंडी चाळायची. अंडी खसखशीएवढी. पुठ्ठ्याच्या कार्डाला डिंक लावून त्यावर ती रांगोळीसारखी चिमटीनं सोडायची. मग ते कार्ड काचेच्या बरणीत ठेवायचं आणि आत ट्रायकोग्रामा नावाची चिलटं सोडायची. ही चिलटं इतकी बारीक, की पूर्णविरामावर एखादं बसलं तर वाक्य संपलंय की नाही तेवढीच शंका यावी. चिलटाची मादी पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. तिचं पिल्लू आतून ते अंडं खाऊन मोठं होतं आणि पतंगाच्या अळीऐवजी त्यातून चिलटच बाहेर येतं. अशी काळी पडलेली अंड्यांची कार्डं उसाच्या पानाखाली टाचायची. चिलटं निघतात, खोडकिड्याची अंडी शोधतात आणि तिथंही तेच करतात. किडा जन्मालाच येत नाही. पतंगाच्या पंखांचा भुगा दिवसभर नाकात जायचा, आम्ही मुली तोंडाला फडकी बांधून बसायचो आणि शिंक आली की धावत बाहेर जायचो, कारण एका शिंकेत अख्खं कार्ड उडून जायचं.

आमचे साहेब देवधर, सांगलीचे. बारीक, लाजाळू, स्वच्छ शर्टाचे. माणसांशी बोलताना अडखळायचे, सूक्ष्मदर्शकात डोळा घातला की मात्र घडाघडा बोलायला लागायचे. पहिल्या आठवड्यातच त्यांनी मला त्या नळीतून बघायला लावलं. "बघ, ती काय करते आहे." चिलटाची मादी अंड्यावर चढली होती. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, परत आली, मिशांनी सारखी टकटक करत. अगदी बाजारात बाई नारळ घेताना करते तसं. वजन बघायचं, कानाशी हलवायचा, बोटानं वाजवायचा. "ती माप घेते आहे," साहेब म्हणाले. "अंडं केवढं आहे, ताजं आहे का, आधी कोणी येऊन गेलंय का. कोणी येऊन गेलं असेल तर बहुतेक वेळा तोंड फिरवून निघून जाते." मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी फडकं तोंडावरून खाली ओढलं. मादी नराकडून घेतलेलं बीज पोटातल्या एका पिशवीत साठवून ठेवते. अंडं घालताना पिशवी उघडली, तर मुलगी. बंद ठेवली, तर मुलगा. अंडं टपोरं, भरलेलं असेल, तर ती मुलगी ठेवते. खुरटलेलं, उरलंसुरलं असेल, तर मुलगा. "मुलग्याचं थोडक्यात भागतं," साहेब म्हणाले. "मुलीला पुढं काम असतं."

मी त्या दिवशी घरी चालत आले तेव्हा तुपाच्या वाटीचा विचार करत होते. एका चिलटाच्या कमरेला घरातल्या सगळ्या किल्ल्या होत्या. आमच्या घरातल्या काकीच्या कमरेला होत्या, आणि कुलूप उघडायचं ते आबांनी सांगितल्यावर.

थोड्याच दिवसांनी शेतकऱ्यांची सभा झाली, गोदामाच्या सावलीत, सतरंज्यांवर. साहेबांनी फळ्यावर खडूनं चिलट काढलं. ते बैलाएवढं झालं आणि लोकांना त्याचा धाक वाटला. साहेब म्हणाले, राखण करते ती मादी, आणि पोटी मुलगा का मुलगी तेही तीच ठरवते. आबा पुढच्याच रांगेत, फेटा बांधून. त्यांनी विचारलं, "आन नर किती असत्यात ह्यात?"

"थोडेच. चारात एखादा."

"मंजी आमच्या उसाची राखन बाया करनार?"

सतरंज्यांवर हशा पिकला. मागून कोणीतरी ओरडलं, "आबा, तुमच्या रानात करत्यातच की!" आबांना तो टोला कळलाच नाही. त्यांना सभेतून एवढंच कळलं, की मुलगा का मुलगी हे आई ठरवते. तेही त्यांनी घरी आणलं. रात्री जेवताना, भाकरी मोडत, मधल्या दाराकडं बघत म्हणाले, "मंगल, तुझ्या आईला सांग. हापीसातला सायब म्हनाला, आईच ठरवती. चिलटाला जमतंय त्ये हिला जमंना व्हय?"

मला त्या घरात तोपर्यंत एकही निरोप गिळावा लागला नव्हता. तो मी गिळला. पण मी सांगो न सांगो, दार पातळ होतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना विचारलं, माणसांचं कसं असतं. साहेब कानापर्यंत लाल झाले. त्यांनी खडू उचलला, फळ्याकडं तोंड केलं आणि माझ्याकडं पाठ करून, अडखळत, सगळं नीट सांगितलं. पुरुषाचं बीज दोन प्रकारचं असतं, बाईचं एकाच. मुलगा होणं न होणं पुरुषाच्या बीजावर. त्यात त्याचीही काही मर्जी चालत नाही. मोठ्यानं हसू आलं ते मी दाबलं. भिंतीशी बोलणारी माणसं नुसती आमच्याच घरात होती असं नव्हे.

आईला मी हे विहिरीच्या काठावर सांगितलं. ती धुण्याचा पिळा दगडावर आपटत होती.

"मंजी, त्येंच्याकडनं?"

"व्हय."

दोन-तीन वेळा तिनं पिळा आपटला. "आन दुसरी आनली तरी त्येंच्याकडनंच?"

"व्हय आई."

"मग त्या आटपाडीच्या पोरीचं बी माझ्यावानीच व्हायाचं की गं." तिला आधी त्या न पाहिलेल्या मुलीची काळजी वाटली. मला तिचा रागच आला. म्हणून मी तिला चिलटाचा कायदा सांगितला, टपोरं अंडं तर मुलगी, खुरटं तर मुलगा. तिनं हातातलं धुणं खाली ठेवलं, पदर तोंडाला लावला आणि ती खांदे हलवत हसली. "मग मी ह्ये घर लयच टपोरं समजून बसले म्हनायचं. आन काकीनं बरूबर वळकलं." मला वाटतं, ती तशी मोकळी हसलेली मी आयुष्यात थोड्याच वेळा पाहिली.

पुढच्याच आठवड्यात आबा चिलटांच्या हापीसात आले. बरोबर चेअरमनचा शिपाई. आबांना वाटेकडच्या रानासाठी कार्डं हवी होती. तेच रान पाहुण्याला दाखवायचं होतं.

"पन नुस्ते नर पायजेत. एक बी मादी नको."

साहेबांचा चेहरा पडला. "आबासाहेब, नर काही करत नाहीत."

"काई करत न्हाईत मंजी?"

"म्हणजे ते आधी जन्मतात. कार्डावरच थांबून माद्यांची वाट बघतात. आणि मग... मरतात."

"बिनकामाचं बसलं तर मरनारच. त्यास्नी रानात सोडा, कामाला लागतील."

मी बोलले. आजही मला बरं वाटतं, की मी तिथल्या तिथं, त्यांच्या तोंडावर बोलले. "आबा, किड्याच्या अंड्यात अंडं घालायची सुई मादीलाच असती. नराला ती नसतीच."

आबांनी माझ्याकडं मायेनं बघितलं. त्यांची माया खरी होती. "पोरी, माझ्या तालमीत एक तरी बाई बघितलीस का?"

"न्हाई."

"मग?" म्हणाले आणि शिपायाकडं वळले.

साहेबांची नोकरी कच्ची होती आणि शिपाई दारातच उभा होता. ते चाचरत म्हणाले, "नुसते नर हवे असतील तर... मादीला नराशी भेटूच द्यायचं नाही. मग पिशवीत बीजच नसतं. ती जी अंडी घालते त्यातून नरच निघतात."

आबा थबकले. "मंजी त्या नरांस्नी बापच नसतो?"

"नसतो."

आबांनी मिशीवरून हात फिरवला, शिपायाकडं बघितलं आणि ठरवलं. "चालंल. आपल्याला त्यांच्यासंगं सोयरीक थोडीच करायचीया?"

मग आम्ही मुलींनी ते काम केलं. काळं पडलेलं एकेक अंडं ब्रशच्या टोकानं उचलून एकेका बारीक नळीत ठेवायचं, तोंडाला कापूस. मादी निघाली की ती तशीच कुमारी काढून बरणीत सोडायची. डोळे फुटायची वेळ आली. पण कार्डं तयार झाली आणि त्यांवर माझ्याच अक्षरात मी 'नर' असं लिहिलं, गोंधळ होऊ नये म्हणून. माझा स्वभाव तसाच आहे, आज माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवरही मीठ, साखर आणि सोडा लिहिलेलं आहे. चौघा भावांनी ती कार्डं वाटेकडच्या उसाला टाचली. त्यांनी त्या वर्षी केलेलं हेच एक रानातलं काम, म्हणून नोंदवते. बांधापलीकडं जो तुकडा आई बघायची, तिथं मी आणि ताईनं नेहमीची कार्डं लावली. बेणं एकच, पाणी एकच, खत एकाच गाडीतलं.

उन्हाळा चढला. वाटेकडच्या उसाचे मधले पोंगे, म्हणजे शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पानं, वाळायला लागले; खोडकिडा आत शिरल्याची ती खूण. आबा म्हणाले ऊन आहे. मग म्हणाले पाणी कमी पडलं. मग म्हणाले, नर आहेत, एवढ्यात नाही, दमानं काम करतील. सकाळी ते बांधावर उभं राहून पानांखाली वाकून बघत, आणि एकदा तर मी त्यांना कार्डाशी बोलताना ऐकलं, "चला रं गड्यांनो, चला." आई त्या रानाकडं बघायची आणि परत खुरपायला लागायची. रान बिघडलं तर तिचंच जगणं महाग होणार होतं, पण सोयरीक जमली तर ते जगणंच गोठ्याकडच्या खोलीत जाणार होतं. दोन्हींतलं काय हवं म्हणायचं, हे तिला ठरवता येत नव्हतं, आणि ठरवून उपयोगही नव्हता.

पाहुणे ठरल्या दिवशी आले. सगळे त्यांना तात्या म्हणत होते. उन्हानं वाळलेले, उंच, करकर वाजणाऱ्या वहाणा, हातात काठी. सकाळपासून घरात पुरणाचा वास होता आणि चौघं भाऊ नव्या शर्टात होते. तात्या म्हणाले, "जेवन मागनं. आदी रान बगू." आबा पुढं, मागं चौघं, त्यांच्यामागं मी, कारण आई बांधापलीकडं खुरपत होती आणि निरोप लागले तर मी लागणार होते.

तात्या वाटेकडच्या रानात शिरले. काठीनं एक ऊस हलवला. खाली वाकून वाळलेला पोंगा धरला आणि ओढला. तो लोण्यातून केस निघावा तसा हातात आला. त्यांनी तो नाकाशी नेला, टाकला, आणि हात धोतराला पुसला. मग दुसरा. मग पुढच्या सरीत तिसरा. रानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले, काठीनं टकटक करत. मला एकदम ओळख पटली. हे मी रोज नळीतून बघत होते. माप घेऊन झालं, की ती तोंड फिरवते.

तात्यांनी तोंड फिरवलं आणि बांध ओलांडला. पलीकडचा ऊस त्यांच्या छातीला लागत होता, पोंगे हिरवेगार, तुकतुकीत. ते तिथंही टोकापासून टोकापर्यंत गेले. "ह्यो कुनाचा?"

"आमचाच की," आबा म्हणाले.

"जात येगळी?"

"न्हाई. बेनं येकच."

"मग?"

हाच शब्द आबांनी मला हापीसात ऐकवला होता. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं मदतीसाठी बघितलं. "मंगल, सांग पावण्यास्नी."

मी सांगितलं. "तिकडच्या उसाला नर लावलेत. हिकडच्याला माद्या."

"आन नर काय करत्यात?"

"वाट बघत्यात," मी म्हटलं.

तात्या हसले नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलं, "ह्ये हिकडचं रान कोन बघतं?"

"माझी आई आन आमी पोरी."

"जिला पोरगा न्हाई, तीच ही," आबा घाईनं म्हणाले. मुद्दा हातातून निसटतोय असं त्यांना वाटलं असावं.

तात्यांनी चौघा भावांकडं एकदा नजर फिरवली. ते एका रांगेत उभे होते, शर्टाला माती लागू नये म्हणून हात अंगापासून लांब. "ही चौघं?"

"माझी."

"ही काय बघत्यात?"

"तालीम."

तात्यांनी काठी बगलेत धरली. "आबा, सरळ बोलतो, राग मानू नगा. आमच्याकडं पानी न्हाई, म्हनून पोर दुसरेपनावर हिकडं द्याया निघालो हुतो. पन ज्या रानाचं आसं हुतंय तितं मी पोर देत न्हाई. वाळलेलं रान माझं बी हाय." मग खुरपणाऱ्या आईकडं बघत म्हणाले, "पन ह्या बाईच्या पोरी हायत न्हवं लग्नाच्या? माझा थोरला हाय बिनलग्नाचा. थोरली द्या आमास्नी. असला ऊस करनारी पोर आली तर माझ्या माळाचं बी काईतरी हुईल."

माणूस मुलगी द्यायला आला होता आणि मुलगी मागून बसला. आबांचं तोंड उघडं राहिलं. अशा वेळी काय करायचं ते त्यांना एकच ठाऊक होतं. "मंगल, तुझ्या आईला सांग..."

मी तोंड उघडलं. आई उभी राहिली. हातात खुरपं, पदर डोक्यावर, नजर आबांच्या पायांशी. आणि ती बोलली, माझ्याशी नव्हे.

"भावजी, पावण्यास्नी घरी न्या. जेवन तयार हाय. आन सिंधूला इचारल्याबिगर तिचं काय बी ठरायचं न्हाई. तिला त्यांचं रान बघू द्या आदी."

ती आभाळ कोसळतंय का याची वाट बघत उभी होती, आबाही वर बघत होते. आभाळ जागच्या जागी होतं. आबा म्हणाले, "व्हय व्हय," आणि पाहुण्यांना घेऊन निघाले. बांधावरून उतरताना मात्र त्यांचा पाय घसरला आणि चौघांपैकी कोणीही हात दिला नाही, कारण चौघांचेही हात अंगापासून लांब होते.

त्या दिवसापासून माझी टपालपेटीची नोकरी सुटली. सुरुवातीला मला करमत नसे.

ताईनं खरंच जाऊन तात्यांचं रान बघितलं. विहीर कोरडी होती. ती "नको" म्हणून परत आली आणि तात्यांनी त्याचाही राग धरला नाही. त्यांच्या मुलीला पुढं कुठं दिलं ते मला माहीत नाही. आई मात्र बरीच वर्षं आटपाडीकडचं कोणी भेटलं की विचारायची. काकीनं सारवलेल्या खोलीत शेवटी खरंच उंदीर झाले. देवधर साहेबांची नोकरी पक्की झाली, ती आबांनी चेअरमनकडं शब्द टाकल्यामुळं. त्याआधी एका संध्याकाळी आबा हापीसाच्या खिडकीशी आले, आजूबाजूला बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मंगल, ती दुसरी दे."

"दुसरी कंची?"

"आगं ती... साधी."

मी ती दिली, पण कार्डावर काही लिहिलं नाही. आता साताऱ्यात माझ्या गच्चीवर कुंड्यांच्या पानांखाली मी वाकून बघते तेव्हा आबांची आठवण येते आणि ती वाईट नसते.

आण्णा गौरी-गणपतीच्या रजेवर आले. दुसऱ्या लग्नाचा विषय कोणी काढला नाही. आण्णांनी तो कोणी काढायची वाट बघितली, मग कोणी न काढल्यानं सुटल्यासारखे झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं त्यांच्या हातात कार्डांचा गठ्ठा आणि टाचण्यांची डबी दिली, उसाची कांडी पोखरणाऱ्या किड्यासाठी. फौजेतला माणूस, सूचना मिळाली की हलतो. उसात शिरले, पान उलटं केलं, कार्ड लावलं, पुढच्या सरीला गेले. नकुशी त्यांच्यामागून टाचण्या पुरवत होती. "बाय, दुसरी दे," ते म्हणत होते. आईकडून ऐकून त्यांनीही तेच नाव उचललं होतं. मध्येच ते थांबले. कार्ड उन्हाकडं धरून बघितलं. आबांनी त्यांना नर-कार्डांचा प्रसंग सांगितला नसेल, पण गावानं सांगितलाच असणार.

"ह्यात नर किती असत्यात गं?" त्यांनी आईला विचारलं.

आई पुढच्या सरीत होती. तिनं मागं वळून बघितलं नाही.

"लागत्यात तेवढे," ती म्हणाली.